सुरात मुरलेला कान आणि नवे शब्द

'दिन' आणि 'दीन' यांत फरक फक्त स्वराच्या लांबीचा, पण अर्थ बदलतो. थाई भाषेत तर एकच अक्षर चढ्या-उतरत्या सुरात उच्चारले की शब्दच दुसरा होतो. फ्रान्समधल्या मार्सेय येथील मिरेय बेसाँ आणि सहकाऱ्यांनी असे थाई शब्द चित्रांशी जोडून शिकवले. वाद्य शिकणारी मुले आणि व्यावसायिक वादक ते इतरांपेक्षा चांगले शिकले. वादकांना तर काही महिन्यांनीही ते जास्त आठवत होते. मला यातले हे टिकणे मोलाचे वाटते: कानाने ध्वनी नेमका टिपला, तर स्मरणाला घट्ट पकड मिळते.

हुशार मुलेच संगीताकडे वळत असतील, हा आक्षेप रास्त आहे. थाई शब्दांचे प्रयोग त्याला उत्तर देत नाहीत. मात्र 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांचे संगीत आणि चित्रकला असे गट संशोधकांनीच पाडले. दोन वर्षांनी, सलग ध्वनिप्रवाहातून शब्द वेगळे काढण्यात संगीताचा गट पुढे गेला. ज्येष्ठांत मात्र शब्द शिकण्यातली वादकांची आघाडी दिसली नाही. त्यामुळे म्हातारपणीच्या विस्मरणावर पेटी-तबला हा उतारा म्हणून विकणे मला पटत नाही. आनंदासाठी पेटी-तबला जरूर शिकावा.