भाव कुठला, कधीचा, कशाचा?

सोयाबीनचा हंगाम लागला की अमडापुरात मोबाइलवर रोज ‘आजचे भाव’ येऊन पडतात. बाजारांची नावं, समोर आकडे, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. शंका काढली की ठरलेलं उत्तर येतं, ‘एवढा बाजारवार आकडा दिलाय, खोटं कोण कशाला लिहील?’ हाच समज शेतकऱ्याला बुडवतो. आकडा नेमका दिसला म्हणून खरा ठरत नाही.

बाजार समितीच्या नोंदीत एकटा आकडा नसतोच. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर तारीख, प्रत आणि आवक असते, आणि पुढे तीन दर: कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. मोबाइलवर फिरतो तो बहुतेक वेळा जास्तीत जास्त दर, जो एखाद्याच ढिगाला मिळालेला असू शकतो. वाशीमला बियाण्याच्या प्रतीचं ‘बिजवाई’ सोयाबीन चढ्या भावानं जातं. तो दर आपल्या साध्या मालाला लावून काय उपयोग? कधी तो प्लांटचा पोहोच दर असतो, म्हणजे भाडं आपलं आणि ओलावा जास्त निघाला की कपातही आपलीच. कधी मुहूर्ताच्या सौद्याचा, हार-नारळासोबत हौसेनं चढवलेला. या भरवशावर कुणी गाडी भरून नेतो, लिलावात भाव पडतो, माल परत आणणं परवडत नाही आणि मिळेल त्या दरात तो द्यावा लागतो. संदेश पाठवणाऱ्याचं यात काहीच जात नाही, याची चीड येते.

‘हमीभाव जाहीर झाला म्हणजे बाजारात तेवढा मिळणारच’ हेही चूक. २०२५-२६ चा ५,३२८ रुपये क्विंटल हा सरकारी खरेदीचा दर आहे. त्यासाठी नोंदणी लागते आणि ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के असते.

पाच ग्रुपवर एकच संदेश आला म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असं नाही. एकच मजकूर पाचदा पुढे ढकललेला असतो. भावाच्या पाटीचा फोटो गेल्या वर्षीचाही असू शकतो.

मात्र सरकारी शिक्का नाही म्हणून प्रत्येक आकडा खोटा, असंही नाही. शेजाऱ्यानं काल माल विकला असेल तर त्याची काटापट्टी मागा. तिच्यावरची तारीख, वजन, दर, कपात बघा, आणि माल किती वाळलेला होता तेही विचारा. मग चिखलीला न्यायचं की खामगावला, ते दोन्हीकडच्या सर्वसाधारण दरातून भाडं वजा करून ठरवा.