गाडीतला स्टिरिओ आपणच बदलूया!

मिक्सर चालता चालता बंद पडला, तर बुडाशी असलेलं लाल बटण दाबायचं, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक असतं. टीव्हीमागच्या वायरीही आपणच काढतो-घालतो. मग गाडीतला जुना स्टिरिओ बदलायची वेळ आली, की 'छे, ते आपलं काम नव्हे' असं का बरं वाटावं? घाई न करता केलं, तर एका दुपारचं काम आहे ते.

आणि स्वतः करण्यात फायदा नुसता मजुरीचा नाही. आमच्या शेजारच्या वहिनींच्या गाडीत दुकानदाराने मूळ वायरी कापून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली. गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली! किल्ली फिरवल्यावरच वीज मिळायला हवी ती वायर त्याने कायम वीज असलेल्या वायरीला जोडली होती. त्यामुळे स्टिरिओ आतून जागाच राहायचा. बॅटरी नवी आणता येते हो, पण पट्टी सुटून उघडी वायर पत्र्याला टेकली, तर आगीची भीती. म्हणून पहिला नियम : गाडीची मूळ वायर कापायची नाही.

आधी माप, मग खरेदी

स्टिरिओची मापं ठरलेली असतात. 'सिंगल डिन' म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर रुंद नि ५ सेंटिमीटर उंच. 'डबल डिन' त्याच्या दुप्पट उंच. ('डिन' हे जर्मनीतल्या मानक संस्थेचं नाव.) आपल्या गाडीतली जागा मोजा, खोलीही बघा. स्टिरिओबरोबर आपल्या गाडीच्या मॉडेलचा कपलर आणि चौकट मागून घ्या. कपलर म्हणजे एका बाजूने गाडीच्या वायरींत, दुसऱ्या बाजूने स्टिरिओत बसणारा जोड. तो असला की कापाकापी नको.

सुरुवात बॅटरीपासून

जुन्या स्टिरिओला सांकेतिक आकडा लागत असेल, तर तो गाडीच्या पुस्तिकेतून आधी शोधून ठेवा. गाडी बंद करून किल्ली काढा. बॉनेट उघडून बॅटरीची ऋण बाजू, म्हणजे वजा खूण असलेली तार, पान्याने सोडवा. एअरबॅगची गाडी असेल तर नंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. तोवर चहा घ्या! एअरबॅगच्या वायरींवर बहुधा पिवळं आवरण असतं. त्यांना हात लावायचा नाही.

गिअरवर जुनं मऊ फडकं अंथरा. चौकट प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचका. लोखंडी पेचकसाने ओरखडे पडतात. स्क्रू एका वाटीत ठेवा. स्टिरिओ पुढे ओढलात, की मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच त्या सोडवा.

रंगांची भाषा

बाजारातल्या नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुधा असे असतात : पिवळी कायम विजेची, हिच्यामुळे घड्याळ नि स्टेशनं लक्षात राहतात. लाल किल्लीबरोबर चालू होणारी. काळी अर्थची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती ऋण बाजू. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग मात्र निराळे असू शकतात. रंगाला रंग जुळवत बसू नका, कपलरवर भरवसा ठेवा. स्पीकरची कोणतीही वायर पत्र्याला लागता कामा नये. स्टिरिओ जळू शकतो.

स्क्रू आवळण्यापूर्वी

बॅटरी जोडून आधी वाजवून बघा. आवाज एकेका स्पीकरकडे वळवून चारही तपासा. गाणं पोकळ वाटलं, तर एखाद्या स्पीकरची धन-ऋण बाजू उलटी झाली असेल. किल्ली काढल्यावर स्टिरिओ बंद व्हायला हवा. नाही झाला, तर लाल-पिवळीचा एकत्र जोड झालाय का बघा. पण काहीही दुरुस्त करण्यापूर्वी बॅटरी पुन्हा सोडवायची! फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला, तर जास्त अँपिअरचा घालून वेळ मारून नेऊ नका. दोष वायरीत आहे, तो जाणकाराला दाखवा.

काही नव्या गाड्यांत एसी नि मागचा कॅमेराही त्याच पडद्यावरून चालतो. अशा गाडीच्या किंवा वॉरंटीतल्या गाडीच्या वाटेला आपण जाऊ नये. कंपनीच्या केंद्रातच विचारावं.

सगळं ठीक वाजलं, की स्क्रू आवळा. जुना स्टिरिओ पुसून कपाटात ठेवा. मूळ वायरी शाबूत आहेत, तेव्हा गाडी विकताना तो पुन्हा जागेवर बसवता येईल आणि नवा तुमच्याकडेच राहील. पुढच्या वेळी दुकानात जावं लागलंच, तर 'वायर कापायची नाही, कपलर लावा' एवढं ठणकावून सांगा!