जात्यावरच्या कवयित्री

भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांत पहाटेच्या अंधारात जाते फिरू लागले, की बाईच्या ओठी ओवी येई. ऐकायला कोण? फार तर दळू लागणारी जाऊ किंवा नणंद. पुढे पिठाची गिरणी आली. मनगटांचे कष्ट सरले, ते बरेच झाले, पण गाण्याचे निमित्तही गेले.

१९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ पुणे जिल्ह्याच्या या डोंगराळ भागात बायांकडून ओव्या टिपू लागले. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. विशेष हे, की ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही लिहून घेतले. वाण्याच्या वहीत उधारीपुरते येणारे ते नाव येथे प्रथमच कवयित्री म्हणून नोंदले गेले. २०१७ पासून ‘पारी’ संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तोवर काही जणी निवर्तल्या होत्या.