दोघांची बोट, खाडीच्या मापाची

झोपायला केबिन, चहापुरता ओटा आणि शौचालय असलेल्या मोटरबोटीला क्रूझर म्हणतात. ती घ्यायची ठरली की गप्पा केबिनच्या संख्येवर आणि हॉर्सपॉवरवर जातात. ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या जोडप्याने मात्र आधी दोन प्रश्न विचारावेत. बोट कोणत्या पाण्यात फिरणार? आणि दोघांपैकी एकाला वाटेत बरे वाटेनासे झाले, तर दुसऱ्याला ती एकट्याने धक्क्याला लावता येईल का? माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येते: सात-आठ मीटर लांबीची, कमी पाण्यात तरणारी, संथ बोट. मोठ्या बोटीचा मोह इथे नुसता महागच नाही, गैरसोयीचाही आहे.

आधी पाणी. उल्हास नदीची खाडी कल्याणहून डोंबिवली, मुंब्रा, कोलशेत, घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळते. ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा कळव्याकडून ठाणे खाडीत उतरतो आणि ऐरोली-वाशीवरून मुंबई बंदरात जातो. 2016 च्या कायद्याने या पाण्याला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 असे नाव मिळाले, म्हणून ते सदासर्वकाळ बोटीला खुले आहे असे समजू नये. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, आणि पाणी सारख्या गतीने चढत-उतरत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच साधारण निम्मे पाणी, म्हणजे तब्बल दोन मीटर, निघून जाते. मीटरभर बुडणारी बोट अशा वेळी गाळात बसली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. अर्धा मीटर बुडणारी, सपाट तळाची बोट निसटण्याची शक्यता जास्त, आणि बसलीच तर निदान कलंडत नाही. भरतीला अडचण वरून येते: पाणी चढते तशी पुलांखालची जागा कमी होते, म्हणून छतावर दुसरे सुकाणू असलेली दुमजली बोट कळव्याच्या फाट्यावर नकोच. उथळ पाण्याला कमी बुडणारी बोट, हे शहाणपण नवे नाही. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी आरमाराची उभारणी सुरू केली. मराठ्यांची गलबते उथळ खाड्यांत शिरू शकत. युरोपियनांच्या खोल बुडणाऱ्या जहाजांना तिथे त्यांचा पाठलाग करणे अवघड जाई.

इंजिनाची निवडही पाणीच करते. बोटीचे इंजिन बहुधा बाहेरचे पाणी ओढून थंड राहते, आणि आपल्या खाडीच्या पाण्यात गाळ आहे, प्लास्टिक आहे, कल्याणच्या वरच्या अंगाला जलपर्णीही. प्रोपेलरच्या पंख्यात पिशवी अडकली की आतल्या इंजिनाच्या बोटीत कोणाला तरी त्या पाण्यात उतरावे लागते. मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन वर उचलून पिशवी काढता येते. तेही दुसऱ्याची मदत न घेता. आत बसवलेले डिझेल इंजिन दूरच्या प्रवासाला चांगले आणि पेट्रोलपेक्षा त्याला आगीचा धोका कमी, हे खरे. तेच हवे असेल तर पंख्यामागे-पुढे कणा खाली उतरलेला असावा आणि पाण्याची गाळणी सहज हाताला लागावी. बोटीच्या तळाशी गुडघे टेकून शोधावी लागणारी गाळणी कोणी वेळेवर साफ करत नाही.

संथ बोट कंटाळवाणी, हा आक्षेप ठरलेला. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीशी बांधलेला असतो: पाण्यालगतची लांबी 25 फूट असेल तर तो सुमारे 6.7 नॉट, म्हणजे ताशी 12 किलोमीटरच्या आसपास. इतक्या वेगाने कल्याण ते वसई हे साधारण 50 किलोमीटर अंतर चार तासांत होते, आणि ओहोटीबरोबर निघाले तर त्याहून लवकर. दिवसभराच्या सहलीला एवढे पुरे. शिवाय ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी वेगाच्या लाटा कांदळवनाला आणि पक्ष्यांना झोडपतात. ज्यांना खरोखर मांडव्याच्या बाजूला मोकळ्या समुद्रात जायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. तिथे खोल नाळ आणि जास्त ताकद लागते, पण मग ती बोट डोंबिवलीच्या धक्क्यावर ठेवायचा हट्ट सोडावा.

पाहुण्यांचे काय, असेही विचारले जाते. वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी जादा केबिन म्हणजे बारमाही जादा रंग, जादा वजन आणि जादा इंधन. बाकड्यावर सहाजण दिवसभर बसू शकतात, तेवढ्यावर भागते. एसीसाठी जनरेटर घेण्याऐवजी ताडपत्री आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या बघाव्यात, कारण फिरण्याचा खरा हंगाम हिवाळ्याचाच. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेरच हवी. अडीच मीटर रुंदीपर्यंतची बोट ट्रेलरवर घालून रस्त्याने नेता येते, त्याहून रुंद बोटीला क्रेन आणि यार्ड शोधावे लागते. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 नुसार यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते, तेव्हा जुनी बोट घेताना ही कागदपत्रे आधी मागावीत. आणि पैसे देण्यापूर्वी चाचणी पाणी ओढ घेत असताना करावी. त्या वेळी सुकाणू, दोर आणि नांगर दोघांपैकी ज्याला बोटीची हौस कमी आहे त्याच्या हाती द्यावेत, आणि दुसऱ्याने गप्प बसावे.