झॉर्कीचा कापडी पडदा

झॉर्की-४ कॅमेऱ्याची पाठ तळासकट निघते. ती काढली की फिल्मच्या चौकटीत काळा पडदा दिसतो. हा पडदा कापडाचा असतो: बारीक विणीचं कापड आणि त्यावर रबराचा पातळ थर. मी मुलींना शिवणकाम शिकवते. मामांचा झॉर्की माझ्याकडे आला तेव्हा एका दुरुस्तीवाल्याने ‘पडदा गेलाय, आता शोकेसमध्ये ठेवा’ असं सांगून टाकलं. मला ते पटलं नाही. कापड गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे नीट पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये.

या पडद्याचं घराणं जर्मनीतलं. ओस्कार बार्नाकचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात लोकांसमोर आला. खार्किवमध्ये १९३४ पासून फेड या नावाने त्याची नक्कल निघू लागली, पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधून झॉर्की. झॉर्की-४ हे मॉडेल १९५६ ते १९७३ पर्यंत निघत होतं, सतरा लाखांहून जास्त. म्हणून आजही ते जुन्या बाजारात सापडतं.

पडदे दोन असतात. शटर कॉक केलं, म्हणजे ताणून सज्ज केलं, की पहिला पडदा फिल्मसमोर येतो. बटण दाबलं की तो सरकतो आणि त्याच्या मागोमाग दुसरा येऊन चौकट झाकतो. दोघांमधल्या फटीतून फिल्मवर उजेड पडतो. सेकंदाच्या १/१००० वेगाला ही फट जेमतेम दोन मिलिमीटरची असते. प्रत्येक पडद्याच्या कडेला धातूची अरुंद पट्टी असते आणि तिथून दोन फिती निघतात. पडद्याचं कापड एका रुळाला चिकटवलेलं, फिती दुसऱ्या बाजूच्या रुळाला. (शटर कॉक केल्यावरच वेगाची चकती फिरवायची. झॉर्कीत हा नियम मोडला तर आतलं यंत्र बिघडतं.)

या कॅमेऱ्यात लेन्स आणि पडद्याच्या मध्ये आरसा नाही. लेन्सचं टोपण न लावता कॅमेरा उन्हात ठेवला की भिंगातून सूर्य थेट पडद्यावर उतरतो. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरएवढी पडते आणि तेवढंच भोक जळून पडतं. भोक पहिल्या पडद्याला असेल, तर फिल्म पुढे सरकवून ताटकळत ठेवलेल्या फ्रेमवर डाग येतो. दुसऱ्याला असेल, तर फोटो काढून फिल्म तशीच ठेवल्यावर. त्यामुळे तपासताना लेन्स काढून, अंधाऱ्या खोलीत समोरून टॉर्च धरायचा आणि मागून पाहायचं, एकदा शटर कॉक करून आणि एकदा सोडून. मामांच्या कॅमेऱ्यात पहिल्या पडद्यावर तीन ठिपके चमकले. दुसऱ्यावर मात्र रुळाजवळ तड्यांचं जाळंच होतं.

इथे दोन वेगळे निर्णय घ्यावे लागले. पहिल्या पडद्याचं रबर अजून जिवंत होतं. कापड वाकत होतं, वाकलेल्या जागी भुकटी पडत नव्हती. अशा कापडाला ठिगळ पुरतं. काळा फॅब्रिक कलर किंचित पातळ करून बारीक ब्रशच्या टोकाने भोकावर टेकवला, रात्रभर वाळू दिला आणि मग दुसरा हात दिला. नेलपॉलिश लावणारे लोक आहेत, पण ते कडक होतं आणि रुळावर गुंडाळताना तडकतं. जाड थरही घातक, पडदा रुळावर अडखळतो. माझ्या मते या कामात नरमपणा आधी बघायचा, काळेपणा नंतर.

दुसरा पडदा बदलावाच लागला. छत्रीचं काळं कापड चालत नाही, त्यातून उजेड झिरपतो. कॅमेऱ्यासाठी विकलं जाणारं रबराचं पातळ कापडच हवं. जुना पडदा सोडवण्याआधी रुळावरच्या गोंदाच्या रेषेवर पेन्सिलने खूण केली, कारण नवीन पडदा त्याच जागी बसला नाही तर सगळा हिशेब चुकतो. मग जुन्या पडद्यावरून बेतून नवं कापड कापलं, ते अगदी सरळ धाग्यात. उरेब कापलेलं कापड ताणाने लांबतं आणि पट्टी तिरपी होते. दोन मिलिमीटरच्या फटीत अर्ध्या मिलिमीटरचा तिरपेपणा आला, तर फोटोच्या एका कडेला पाव पट जास्त उजेड पडतो. चिकटवायला रबरी सोल्युशन घेतलं, दोन्ही बाजूंना पातळ पुसून, थोडं सुकल्यावर दाबून. जास्त लागलं की गाठ येते आणि पडदा तिथे उसळी घेतो.

शेवटचं काम पडद्यांना ओढणाऱ्या स्प्रिंगच्या ताणाचं. पांढऱ्या, सारख्या उजेडातल्या भिंतीचे १/१००० ला फोटो काढले आणि निगेटिव्ह खिडकीशी धरली. पडदा जिथे थांबतो त्या कडेला ती फिकी दिसली. म्हणजे दुसरा पडदा पहिल्याला गाठत होता, फट वाटेत अरुंद होत होती. पहिल्याचा ताण किंचित वाढवला, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आणि पुन्हा त्याच भिंतीसमोर काही फ्रेम काढल्या. निगेटिव्हवर या कडेपासून त्या कडेपर्यंत राखाडी रंग सारखा येईपर्यंत हेच करत राहिले.