मियावाकींनी आधी काय केले

अकिरा मियावाकी १६ जुलै २०२१ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी गेले, तोवर मुंबई-पुण्यात त्यांच्या नावाच्या वनांच्या पाट्या लागल्या होत्या. चौरस मीटरला तीन-चार रोपे आणि दोन-तीन वर्षांत डोक्यावर जाणारी झाडी, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे रुजली. ती खोटी नाही, पण फार अपुरी आहे. लागवड ही त्यांच्या कामातली शेवटची पायरी होती. त्याआधीच्या पायऱ्या आपण चढलोच नाही, आणि त्याची किंमत आज आपली माळराने मोजत आहेत.

जपानच्या ओकायामा प्रांतात १९२८ साली जन्मलेल्या मियावाकींनी सुरुवात केली ती शेतातल्या तणांच्या अभ्यासाने. त्या कामामुळे जर्मन अभ्यासक राइनहोल्ड ट्युक्सन यांनी त्यांना बोलावून घेतले आणि १९५८ मध्ये ते जर्मनीत पोहोचले. तिथे ते जमीन वाचायला शिकले. एकसारख्या दिसणाऱ्या जागेचा तुकडा आखायचा. त्यातली एकूण एक वनस्पती यादीत घ्यायची. उंच झाडे, मधली झाडे, झुडपे, जमिनीलगतचे गवत असे थर वेगळे मांडायचे आणि कोणत्या जातीने किती जागा व्यापली याची श्रेणी लावायची. तीन चतुर्थांशांहून अधिक जागा व्यापणारीला पाच, तुरळक दिसणारीला नुसते अधिकचे चिन्ह. अशा शेकडो याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोण कोणाच्या सोबतीने वाढते ते कळू लागते. ट्युक्सन यांचा प्रश्न त्यापुढचा होता: माणसाने हात काढून घेतला, तर या जमिनीवर शेवटी काय उभे राहील?

हा प्रश्न घेऊन मियावाकी जपानला परतले. युद्धानंतर तिथले डोंगर सुगी आणि हिनोकी या दोन सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडीखाली जात होते. मूळ रान टिकले होते ते मुख्यतः शिंतो मंदिरांभोवतीच्या राखीव झाडीत. शिई, काशी, ताबुनोकी अशा सदाहरित वृक्षांची ती राने त्यांनी पायाखाली घातली. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात राहून, सहकाऱ्यांसह देशभर हिंडून त्यांनी जपानच्या वनस्पतीसमूहांचा दहा खंडांचा ग्रंथ १९८० ते १९८९ या काळात प्रकाशित केला. माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे काम.

मराठी वाचकाला यात आपली देवराई दिसल्याशिवाय राहणार नाही. अभ्यासक वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद करत होते, ते याच जातीचे काम. ताबुनोकीचा सख्खा भाऊबंद गुळुंब आपल्या घाटातल्या रानांत आजही उभा आहे.

सत्तरच्या दशकातच मियावाकींनी कारखान्यांच्या आवारात राने उभारायला सुरुवात केली. पोलाद कारखान्याच्या भराव घातलेल्या जमिनीवरही त्यांची पद्धत ठरलेली असे. जवळच्या मूळ रानातून बी गोळा करायचे. मुळे कुंडीत गच्च भरेपर्यंत रोप वाढवायचे. पाणी साचू नये म्हणून भुसभुशीत मातीचा उंचवटा करायचा. रोपे ओळीत न लावता जाती मिसळून लावायची. वरून भाताचा पेंढा अंथरायचा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून दोऱ्यांनी बांधायचा. दोन-तीन वर्षे तण काढायचे, मग रान रानावर सोडायचे. लावायला शाळेतली मुले आणि गावकरी येत.

पुढे १९९० च्या सुमारास मलेशियातल्या सारावाकमध्ये आणि १९९८ पासून चीनच्या भिंतीलगत त्यांनी लागवडी केल्या. जाती मात्र प्रत्येक ठिकाणी तिथल्याच. २००६ मध्ये त्यांना ब्लू प्लॅनेट पारितोषिक मिळाले. जपानमधल्या २०११ च्या त्सुनामीनंतर, त्र्याऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी उद्ध्वस्त किनारा पाहिला. लावलेले काळे पाइन वाहून गेले होते, मूळ जातींची झाडे अनेक ठिकाणी तगली होती. मग माजी पंतप्रधान मोरिहिरो होसोकावा यांच्या साथीने किनाऱ्यावर वनांची भिंत उभारण्याची मोहीम त्यांनी हाती घेतली.

भारतात ही पद्धत पसरली ती बंगळूरजवळच्या टोयोटा कारखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेले अभियंते शुभेंदू शर्मा यांच्यामुळे. २०२० च्या सुमारास मुंबई महापालिकेने ती उचलली. कोंदटलेल्या शहरात मोकळ्या भूखंडावर झाडी वाढते आहे, पाखरे येत आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटते. दुखते ते पुढचे. रोपांची संख्या आणि मुदत कागदावर काटेकोर असते, पण आसपासच्या मूळ झाडीची पाहणी बहुधा कुठेच नसते. रोपवाटिकेत जे मिळेल ते लागते. त्याहून वाईट म्हणजे सोलापूर-पुण्याच्या कमी पावसाच्या माळरानांनाही ‘ओसाड’ ठरवून तिथे खड्डे खणले जातात. ते माळ ओसाड नाहीत. गवत हेच तिथले मूळ धन आहे. लांडगा, चिंकारा त्यावर जगतात. ट्युक्सन यांचा प्रश्न तिथे विचारला तर घनदाट रान हे उत्तर येतच नाही. तिथे दाट झाडी लावणे म्हणजे मियावाकींचे नाव घेऊन मियावाकींनाच विसरणे.

म्हणून त्यांचे ऋण फेडायचे तर सुरुवात कुदळीने नको, वहीने व्हावी. प्रत्येक महापालिकेने आणि ग्रामपंचायतीने आधी जवळची देवराई, ओढ्याकाठची राई किंवा राखलेला माळ गाठावा, जाणत्या गावकऱ्याला आणि वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन यादी करावी आणि ती लोकांसमोर मांडावी. लागवडीचा पैसा त्या यादीवर मंजूर व्हावा. यादीत गवतच निघाले, तर खड्डे न खणण्याचा निर्णयही तितक्याच अभिमानाने जाहीर व्हावा.