बाप्तिस्म्यानंतरच्या रमाबाई

पंडिता रमाबाईंविषयी महाराष्ट्राने एकच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चघळला: त्यांनी धर्म का बदलला? २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणाला तो घात वाटला, कुणाला देवाची करणी. पण बाप्तिस्मा एका दिवसात उरकतो. त्यानंतर रमाबाई साडेअडतीस वर्षे जगल्या, आणि ख्रिस्ती होण्यापेक्षा ख्रिस्ती राहणे त्यांना कितीतरी जड गेले. त्या काळाकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. पदरात मुलगी मनोरमा. इंग्लंडला सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आपला जीव संपवला होता. अशा वेळी माणूस आधार शोधतो आणि आधार देणाऱ्यापुढे मान तुकवतो. रमाबाईंनी आधार घेतला, मान मात्र तुकवली नाही.

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. पत्रांत रमाबाई त्यांना चक्क ‘आजीबाई’ म्हणत. माया खरी होती आणि भांडणेही खरी. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या, संस्कृतही शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना पुढे आली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: स्वदेशी त्यांची पत जाईल म्हणे! मायदेशी हजारो पुरुषांसमोर पुराण सांगितलेल्या बाईला हे ऐकावे लागले. त्यांनी परखडपणे कळवले की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती जाण्यासाठी मी इथे आलेले नाही.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही त्रैक्याची शिकवण त्यांच्या गळी उतरेना. जी गोष्ट स्वतःला बायबलात सापडत नाही ती केवळ चर्च सांगते म्हणून कबूल करायला त्या तयार नव्हत्या, मनोरमेलाही ती शिकवू नये असा त्यांचा आग्रह. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही वाद झाला. त्यांनी शाकाहार सोडला नाही, तेव्हा त्यात जातीचा ताठा दिसतो असा ठपका आला. जेराल्डीनबाईंच्या लेखी हे सारे अहंकाराचे लक्षण होते. मला मात्र वाटते, श्रद्धा गंभीरपणे घेणारे माणूसच इतके भांडते. ज्याला नुसते नाव नोंदवायचे असते, तो सगळ्याला ‘आमेन’ म्हणून मोकळा होतो.

१८८६मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या मदतीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शाळा म्हणून शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. इथे पेच उलटा. अमेरिकेतल्या मंडळींना दिलेला शब्द असा की शाळेत धर्माची सक्ती होणार नाही. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळता यावेत अशी सोय होती. पण रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थनेला बसत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. त्या कुणाला बोलवत नव्हत्या, आलेल्यांना हाकलतही नव्हत्या. मुलींना आपापल्या देवाची पूजा करण्याची मुभा आहे, तर मला माझ्या प्रार्थनेची का नसावी, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. पण आश्रिताच्या मनावर आश्रयदात्याच्या उघड्या दाराचाही दाब पडतो, हेही नाकारता येत नाही. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर हे वादळ टळले असते. त्यांनी ते लावले नाही.

याच धामधुमीत त्यांच्या आत काय चालले होते, ते त्यांनी पुढे १९०७मध्ये लिहिलेल्या आत्मकथनातून कळते. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या ध्यानी आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षे उलटली होती, लोकनिंदा सोसून झाली होती, आणि तरी हा हिशेब असा निघाला. इतका प्रांजळ कबुलीजबाब मराठी धर्मजीवनात विरळा.

मग १८९६-९७चा दुष्काळ. कोवळ्या वयात भुकेने माणसे मरताना पाहिलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आली. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर बिऱ्हाड पडले. तेच मुक्ती सदन. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. दरम्यान प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले आणि त्यावरून विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न उठला. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारची झाली, असे समजणाऱ्यांना हे प्रकरण अडचणीचे.

केडगावचा काळ मला सगळाच रुचत नाही. शारदा सदनातली मोकळीक तिथे उरली नव्हती. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीला निवड करण्याजोगे काय शिल्लक असते? वाँटेजला स्वतःच्या शंकांसाठी इतक्या झगडलेल्या रमाबाईंनी इतरांच्या शंकांना केडगावात किती जागा ठेवली, हे विचारायलाच हवे. १९०५मध्ये तिथे धार्मिक जागृतीची लाट आली. मुली रडत, ओरडत, रात्र रात्र प्रार्थना करत. बाहेरच्यांना तो उन्माद वाटला, रमाबाईंनी त्यात पवित्र आत्म्याचे काम पाहिले. विश्वासाची ही तऱ्हा त्यांच्या तर्ककठोर तारुण्याशी जुळत नाही, पण माणूस वीस वर्षे एका जागी थांबत नाही.

शेवटची कित्येक वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. कान ऐकेनासे झाले होते. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा ती मनोरमा जुलै १९२१मध्ये गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि काम हातावेगळे होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.

ज्या इंग्लंडच्या चर्चने त्यांना आज्ञापालन शिकवू पाहिले, त्याच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. त्यांचा आणि जेराल्डीनबाईंचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७मध्ये प्रसिद्ध केला. मूळ पत्रे इंग्रजीत आहेत. रमाबाईंवर मत बनवण्याआधी, मग ते बाजूचे असो वा विरुद्ध, ती एकदा वाचा.